एक सॉफ्टवेअर, घरात चार कॉम्प्युटर: लायसन्सच्या मर्यादेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात एकच कॉम्प्युटर आणि त्यावर सगळ्यांच्या पाळ्या, हे दिवस मागे पडले. आता एक डेस्कटॉप, दोन-तीन लॅपटॉप आणि कपाटात पडलेलं एखादं जुनं मशीन असं सर्रास दिसतं. सॉफ्टवेअर मात्र एकदाच विकत घेतलेलं असतं. दुसऱ्या मशीनवर ते टाकायला गेलं की मर्यादा संपल्याचा संदेश येतो, आणि मग माणूस एकतर निमूटपणे दुसऱ्यांदा पैसे भरतो, नाहीतर कुठून तरी क्रॅक, म्हणजे लायसन्सची तपासणी चुकवणारा जुगाड, शोधून आणतो. कितीतरी वेळा या दोन्हींची गरज नसते. हक्काची जागा आपल्याच एखाद्या बंद पडलेल्या मशीनने अडवून ठेवलेली असते. म्हणून हे पान. कंपन्या आपल्या अटी बदलत असतात, तेव्हा पैसे भरण्याआधी चालू अटी एकदा वाचाच.

पैसे मोजून घेतलं म्हणजे सॉफ्टवेअर माझं झालं. मग ते किती मशीनवर टाकायचं हे कंपनीने का सांगावं?

कारण बहुतेक वेळा आपण सॉफ्टवेअर विकत घेतलेलं नसतं, ते वापरायची परवानगी घेतलेली असते. इन्स्टॉल करणं म्हणजे मशीनवर एक प्रत तयार करणं, आणि प्रत काढायचा हक्क कॉपीराइट कायद्याने मूळ मालकाकडे असतो. तो काही अटींवर आपल्याला प्रत काढू देतो. इन्स्टॉल करताना न वाचता ‘मान्य आहे’वर टिचकी मारतो, तिथे हा करार होतो. खोक्यात किंवा स्क्रीनवर दिलेला असा करार ग्राहकावर बंधनकारक असतो, असा निकाल अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने १९९६ साली ‘प्रोसीडी विरुद्ध झायडेनबर्ग’ खटल्यात दिला. पुढे २०१० मध्ये ‘व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क’ खटल्यात, ऑटोकॅड या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरच्या वापरलेल्या प्रती ऑनलाइन विकणाऱ्याला दुसऱ्या एका अपील न्यायालयाने सांगितलं की मूळ ग्राहक त्या प्रतींचा मालक नव्हताच, तो फक्त परवानाधारक होता.

युरोपात वारं थोडं वेगळं आहे. ‘यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल’ खटल्यात युरोपियन न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी म्हटलं की एकरकमी पैसे देऊन कायमचं लायसन्स घेतलं असेल, तर डाउनलोड केलेलं सॉफ्टवेअरही पुढे विकता येतं. मात्र विकणाऱ्याने स्वतःकडची प्रत वापरातून काढली पाहिजे, आणि अनेक जणांसाठीचं एकच लायसन्स फोडून त्यातला थोडा भाग विकणं चालणार नाही. खटल्यांच्या या गोष्टी घरगुती वापरापासून लांबच्या वाटतील, पण ‘किती मशीन’ हा आकडा येतो कुठून, याचं उत्तर त्यांतच आहे. तो आकडा करारातून येतो. म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअरचा वेगळा.

लायसन्समध्ये नेमकं मोजतात काय?

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. ‘हे किती कॉम्प्युटरवर चालतं?’ असं आपण विचारतो, पण लायसन्स दर वेळी कॉम्प्युटरच मोजत असेल असं नाही.

काही लायसन्स मशीन मोजतात. विंडोजचं तसंच आहे: एक लायसन्स, एका उपकरणावर एक प्रत. ते मशीन घरातल्या पाच जणांनी आळीपाळीने वापरलं तरी तक्रार नाही. काही लायसन्स माणूस मोजतात. सब्लाइम टेक्स्ट या एडिटरचं वैयक्तिक लायसन्स त्या एका व्यक्तीचं असतं; तिने ते आपल्या सगळ्या मशीनवर टाकावं, विंडोज असो, मॅक असो की लिनक्स. पण त्याच घरातल्या भावाला वापरायचं असेल तर त्याचं वेगळं घ्यावं लागेल, भले दोघांचा कॉम्प्युटर एकच असो. तिसरा प्रकार साइन-इन मोजणारा. मायक्रोसॉफ्ट ३६५, म्हणजे ऑफिसचं सबस्क्रिप्शन, कितीही उपकरणांवर टाका, एका वेळी पाचांवर साइन-इन राहता येतं. चौथा प्रकार कुटुंब मोजतो, त्याबद्दल पुढे.

एकाच लायसन्समध्ये यातल्या दोन अटी एकत्रही येतात. अडोबी क्रिएटिव्ह क्लाउडचं वैयक्तिक सबस्क्रिप्शन दोन कॉम्प्युटरवर ॲक्टिव्हेट करता येतं, पण वापरायचं एका वेळी एकावरच. म्हणजे डेस्कटॉपवर आई फोटोशॉप उघडून बसली आहे आणि त्याच वेळी मुलगी लॅपटॉपवर त्याच खात्यातून व्हिडिओ एडिट करते आहे, हे अटीत बसत नाही. दोन मशीनची मुभा एका माणसाच्या सोयीसाठी दिलेली आहे, दोन माणसांसाठी नाही. हा फरक जाहिरातीत कुठेच ठळक दिसत नाही, आणि लोक फसतात ते इथेच.

याबाबतीत बोरलँड कंपनीचं १९८०च्या दशकातलं लायसन्स मला आजही आदर्श वाटतं. टर्बो पास्कल या प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरसोबत ते यायचं आणि साध्या भाषेत सांगायचं की हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखं वापरा. कितीही जणांनी वापरावं, एका मशीनवरून दुसऱ्यावर न्यावं; फक्त एकाच वेळी दोन ठिकाणी वापरलं जाण्याची शक्यता नको. घरात सॉफ्टवेअर जसं वापरलं जातं, त्याला धरून असलेली ही अट होती. आजच्या पन्नास परिच्छेदांच्या करारांत ती समज हरवली आहे, याचं वाईट वाटतं.

सॉफ्टवेअर इन्स्टॉल होतं, पण उघडलं की मर्यादा संपली म्हणतं. इन्स्टॉल झालंच कसं मग?

इन्स्टॉल करणं आणि ॲक्टिव्हेट करणं या दोन निराळ्या पायऱ्या आहेत. इन्स्टॉल म्हणजे फायली मशीनवर येणं. त्यावर सहसा कुणी पहारा ठेवत नाही. ॲक्टिव्हेट करताना सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरशी बोलतं, तुमची प्रॉडक्ट की (खरेदीसोबत मिळणारा अक्षरं-आकड्यांचा क्रमांक) किंवा खातं सांगतं आणि सोबत मशीनची एक ओळखखूण पाठवतं. मदरबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड अशा भागांवरून ती खूण तयार होते. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आलं तेव्हा ते अशा १० गोष्टी तपासायचं. सर्व्हरवर त्या लायसन्सच्या नावापुढे ही खूण लिहिली जाते आणि एक जागा भरते.

मर्यादा मोजली जाते ती या यादीवरून. तुमच्या घरात आत्ता किती मशीन चालू आहेत, हे सर्व्हरला ठाऊक नसतं.

जुना लॅपटॉप फॉरमॅट मारून विकला. तरी त्याची जागा भरलेलीच दिसते. असं का?

वरच्या उत्तराचाच हा परिणाम. फॉरमॅट मारल्याने लॅपटॉपवरच्या फायली गेल्या, सर्व्हरवरच्या यादीला त्याचा पत्ताही नाही. जागा मोकळी करायची तर डीॲक्टिव्हेट करावं लागतं. ते त्या मशीनवरून, इंटरनेट चालू असताना आणि फॉरमॅट मारण्याआधी करायचं. अनेक सॉफ्टवेअरमध्ये ‘मदत’ किंवा ‘खाते’ या मेनूत ‘डीॲक्टिव्हेट’, ‘साइन आउट’ किंवा ‘लायसन्स काढा’ असा पर्याय सापडतो. नुसतं अनइन्स्टॉल करून जागा सुटेल यावर विसंबू नका. काही सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल होताना विचारतात, बरीच विचारत नाहीत.

आणखी एक नेहमीचा घोळ असा: मशीन तेच, पण विंडोज नव्याने टाकलं. काही सर्व्हरना ते नवंच मशीन वाटतं आणि तुमच्या एका लॅपटॉपच्या नावावर दोन जागा जातात. त्यामुळे विंडोज पुन्हा टाकायच्या आधीही डीॲक्टिव्हेट करण्याची सवय ठेवा.

मशीन अचानक बंद पडलं, चालूच होत नाही. आता डीॲक्टिव्हेट कसं करणार?

घाबरू नका, बहुतेक कंपन्यांनी याची सोय केलेली असते. आधी कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या खात्यात जा आणि ‘उपकरणे’ किंवा ‘ॲक्टिव्हेशन’ नावाचं पान शोधा. तिथे मशीनची यादी असते आणि प्रत्येकापुढे काढून टाकायचं बटण असतं. अडचण एवढीच की नावं ‘डेस्कटॉप’ आणि पुढे निरर्थक अक्षरं अशी असतात, त्यामुळे कुठलं मशीन कुठलं ते कळत नाही. शेवटच्या वापराची तारीख पाहून ओळखा. आणि आत्ताच, सगळी मशीन धड असताना, प्रत्येकाला सेटिंग्जमध्ये जाऊन ओळखू येईल असं नाव देऊन ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

अडोबीमध्ये तिसऱ्या मशीनवर साइन-इन केलंत तर आधीच्यांपैकी एखाद्यातून बाहेर पडू का असं तेच विचारतं. ॲपलच्या आयट्यून्स खरेदीसाठी ५ कॉम्प्युटर ऑथराइज करता येतात. मशीन हाताशी नसेल तर खात्याच्या पानावरून सगळे एकदम काढता येतात, पण ही सवलत वर्षातून एकदाच मिळते. म्हणून ती वापरण्याआधी हाताशी असलेली मशीन एकेक करून नेहमीच्या पद्धतीने काढता येतात का ते बघा.

जुन्या पद्धतीची, फक्त प्रॉडक्ट की असलेली सॉफ्टवेअर या सोयीत बसत नाहीत. तिथे कंपनीला लिहिणं हाच मार्ग.

जुन्या कॉम्प्युटरवरचं विंडोज नव्या कॉम्प्युटरवर नेता येईल का?

ते विंडोज आलं कसं, यावर अवलंबून आहे. तयार लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज ओईएम प्रकारचं, म्हणजे मशीन बनवणाऱ्या कंपनीने टाकून दिलेलं असतं. ते त्या मशीनसोबत जन्माला येतं आणि त्याच्यासोबतच संपतं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, कंपन्या त्याची प्रॉडक्ट की थेट मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहून ठेवतात. म्हणून अशा लॅपटॉपवर तीच आवृत्ती पुन्हा टाकली तर की न विचारता ॲक्टिव्हेट होते. वेगळं विकत घेतलेलं रिटेल विंडोज मात्र नव्या मशीनवर नेता येतं, जुन्यावरून काढून टाकलं तर.

आपलं कुठलं ते घरबसल्या पाहता येतं. विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा, छोटी खिडकी उघडेल. त्यात इंग्रजी लिपीत ‘एस-एल-एम-जी-आर’ ही पाच अक्षरं, एक मोकळी जागा, तिरकी रेघ आणि लगेच ‘डी-एल-आय’ असं टाइप करून एंटर मारा. थोडं थांबलात की एक चौकट येते. तिच्यात ‘चॅनल’ शब्दाआधी ‘रिटेल’, ‘ओईएम’ किंवा ‘व्हॉल्यूम’ (मोठ्या संस्थांसाठीचं) यांपैकी काय आहे ते बघा. खाली प्रॉडक्ट कीची शेवटची पाच अक्षरंही दिसतात. तुमच्याकडे चार ईमेल आणि चार की असतील, तर कुठली की कुठल्या मशीनवर लागली आहे हे या पाच अक्षरांवरून जुळवता येतं. त्याच आज्ञेत ‘डी-एल-आय’च्या जागी ‘एक्स-पी-आर’ लिहिलं तर ॲक्टिव्हेशन कायमचं आहे की कुठल्या तारखेला संपणार आहे, हे कळतं.

रिटेल निघालं तर नव्या मशीनवर नेण्याआधी जुन्यावरून की काढा: तीच आज्ञा, शेवटी ‘यू-पी-के’. ही आज्ञा ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत द्यायची.

विंडोज ७ किंवा ८ ची जुनी की जपून ठेवली असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. बरीच वर्षं त्या कीवर विंडोज १० आणि ११ नव्याने ॲक्टिव्हेट होत होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही वाट बंद केल्याचं जाहीर केलं.

फक्त मदरबोर्ड बदलला. विंडोज म्हणतं ॲक्टिव्हेट नाही.

विंडोजच्या लेखी मदरबोर्ड बदलणं म्हणजे कॉम्प्युटर बदलणं. रॅम किंवा डिस्क बदलल्याने सहसा काही होत नाही. रिटेल लायसन्स असेल आणि भाग बदलायच्या आधी ते मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलं असेल, तर सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘ट्रबलशूट’ करताना ‘नुकताच हार्डवेअर बदलला’ असा पर्याय मिळतो. जोडणी आधीच करायला हवी, म्हणून हार्डवेअर बदलायचा बेत असेल तर आज रात्रीच करून ठेवा. ओईएम लॅपटॉपचा मदरबोर्ड वॉरंटीत उत्पादकानेच बदलून दिला असेल तर विंडोज चालू करून देणं ही त्यांची जबाबदारी. मशीन परत घेताना ॲक्टिव्हेशन तपासूनच घ्या.

ऑफिस पूर्वी तीन कॉम्प्युटरवर चालायचं. आता एकावरच कसं?

तुमची आठवण बरोबर आहे. ऑफिस होम अँड स्टुडंटच्या २००७ आणि २०१० च्या खोक्यावर एका घरातल्या ३ पीसींची परवानगी होती. २०१३ च्या आवृत्तीने ती एका पीसीवर आणली, आणि सुरुवातीला तर ज्या मशीनवर पहिल्यांदा टाकलं त्यालाच कायमचं बांधून टाकलं. ग्राहकांनी ओरड केल्यावर मार्च २०१३ मध्ये कंपनीने अट सैल केली आणि ९० दिवसांतून एकदा दुसऱ्या मशीनवर नेण्याची मुभा दिली. ग्राहक एकत्र बोलले तर कंपनी ऐकते, याचं हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगं आहे.

त्यानंतर एकदाच पैसे भरून घ्यायचं ऑफिस एका पीसी किंवा मॅकसाठी, आणि अनेक मशीनसाठी सबस्क्रिप्शन अशी वाटणी झाली. २ ऑक्टोबर २०१८ पासून सबस्क्रिप्शनमध्ये इन्स्टॉलची मर्यादा उठली आणि एका वेळी पाच साइन-इनची आली. पर्सनल योजना एका माणसासाठी. फॅमिली योजनेत सहा जणांपर्यंत, प्रत्येकाचं स्वतःचं खातं आणि स्वतःची १ टीबी जागा.

माझं मत विचाराल तर, घरात ऑफिस खरोखर वापरणारी माणसं आधी मोजा, मशीन नंतर. वापरणारा एकच आणि मशीन एकच असेल, तर दरवर्षी पैसे भरण्यापेक्षा एकदाच घेतलेली प्रत परवडते. एकच माणूस तीन मशीनवर काम करत असेल तर फॅमिली योजनेची गरज नाही, पर्सनल पुरते. आणि एकच खातं घरातल्या सगळ्यांनी वापरू नका: मर्यादा बाजूला ठेवली तरी सगळ्यांच्या फायली एका ठिकाणी मिसळतात, आणि एकाने पुसलं की सगळ्यांचं जातं.

सबस्क्रिप्शन संपलं तर केलेलं काम जात नाही. फायली उघडून वाचता येतात, छापता येतात. बदल करणं आणि नवीन तयार करणं थांबतं.

एकाच कॉम्प्युटरवर दोन विंडोज टाकली किंवा व्हर्च्युअल मशीन बनवलं तर?

व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. विंडोजच्या करारात उपकरण खरं असो की व्हर्च्युअल, एका लायसन्सवर एकच प्रत. म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधल्या विंडोजला वेगळं लायसन्स लागतं. ॲपल याबाबतीत जास्त मोकळं आहे: मॅकओएसच्या करारानुसार प्रत्येक मॅकवर आणखी दोन व्हर्च्युअल प्रती चालवता येतात, चाचणी, सॉफ्टवेअर तयार करणं किंवा वैयक्तिक वापर अशा कामांसाठी. ॲपलचं नसलेल्या मशीनवर मात्र नाही.

एका मशीनवर टाकून बाकीच्यांवरून रिमोटने वापरलं तर चालेल?

तुम्ही एकटेच वापरणार असाल तर हा उत्तम मार्ग आहे, आणि याचा विचार फार कमी लोक करतात. महागडं सॉफ्टवेअर डेस्कटॉपवर टाका, लॅपटॉपवरून रिमोट डेस्कटॉपने त्या मशीनमध्ये शिरा. सॉफ्टवेअर डेस्कटॉपवरच चालत राहतं, जागा एकच भरते. यासाठी डेस्कटॉपवर विंडोजची प्रो आवृत्ती लागते. होम आवृत्तीत बाहेरून आत येऊ देण्याची सोय नाही, तिथे वेगळं सॉफ्टवेअर वापरावं लागेल. मात्र विंडोज एका वेळी एकालाच आत घेतं. तुम्ही लॅपटॉपवरून शिरलात की डेस्कटॉपसमोर बसलेल्याचं काम थांबतं. काही सॉफ्टवेअरच्या करारात रिमोट वापराला साफ मनाई असते, तेवढं कलम बघून घ्या.

‘कुटुंब’ म्हणजे नक्की कोण? शिकायला बाहेरगावी राहणारी मुलगी धरायची का?

प्रत्येक कंपनीचं कुटुंब वेगळं. जुन्या खोक्यांवरच्या अटी ‘एका छपराखाली राहणारे’ असं धरायच्या. मॅक ओएस एक्सचा फॅमिली पॅक एका घरातल्या ५ कॉम्प्युटरसाठी होता, विंडोज ७ चा ३ साठी. हल्लीच्या योजना खात्यांवर चालतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ फॅमिलीत ज्याला तुम्ही आमंत्रण पाठवाल तो आत येतो, त्यामुळे बाहेरगावच्या मुलीची अडचण नाही. ॲपलचं फॅमिली शेअरिंग २०१४ मध्ये आलं. त्यात तुमच्यासह सहा जण. खरेदी कुटुंब प्रमुखाने दिलेल्या कार्डावर पडते, हे आधी समजून घ्या. शिवाय ॲपच्या आत घेतलेली सबस्क्रिप्शन सगळ्यांना मिळतीलच असं नाही, ते त्या ॲपच्या कर्त्याने ठरवायचं असतं.

गेमच्या बाबतीत स्टीम या ऑनलाइन दुकानाचे नियम नीट वाचण्यासारखे आहेत. सप्टेंबर २०२४ पासून लागू असलेल्या स्टीम फॅमिलीजमध्ये सहा जण असतात. सगळ्यांचे गेम एका संग्रहात येतात आणि दोघं जण एकाच वेळी दोन वेगळे गेम खेळू शकतात, मग ते एकाच्याच खात्यातले का असेनात. तोच गेम दोघांना एकाच वेळी हवा असेल तर दोन प्रती लागतात. आता काळजीची बाब: तुमचा गेम खेळताना धाकट्याने चीटिंग केलं आणि त्याच्यावर बंदी आली, तर त्या गेममध्ये तुमच्यावरही येते. आणि कुटुंबातून बाहेर पडलेल्याला आधीच्या कुटुंबात सामील झाल्यापासून एक वर्ष होईपर्यंत दुसरीकडे जाता येत नाही. तेव्हा मित्रांना गंमत म्हणून आत घेऊ नका.

अँटिव्हायरस तीन उपकरणांसाठी घेतला. फोनही त्यात धरतात का?

बहुधा हो. ‘उपकरण’ म्हटलं की फोन आणि टॅबलेट आलेच. फोन सोडून फक्त कॉम्प्युटर वापरायचे असतील तर फोनवर ते टाकूच नका. जुनं मशीन गेल्यावर त्याची जागा वेबसाइटवरच्या खात्यातून मोकळी करा. विंडोजमध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस आधीपासून असतो आणि त्याला मर्यादा नाही, हे विसरून लोक चौथ्या मशीनसाठी मोठा पॅक घेतात.

फार स्वस्तात विंडोजची की मिळते आहे. घ्यावी का?

मी घेणार नाही. अशा की बहुधा मोठ्या संस्थांसाठीच्या व्हॉल्यूम लायसन्समधल्या असतात. त्यातल्या एका प्रकाराची ठरावीक वेळाच ॲक्टिव्हेट होण्याची मर्यादा असते, आणि तीच की शेकडो जणांना विकलेली असते. दुसऱ्या प्रकारात मशीनने संस्थेच्या सर्व्हरशी दर १८० दिवसांच्या आत संपर्क साधावा लागतो. घरातलं मशीन तो साधू शकत नाही आणि एक दिवस ॲक्टिव्हेशन उडतं. विकणारा तोवर गायब. आधीच घेतली असेल तर वर सांगितलेल्या आज्ञेने चॅनल तपासा. ‘व्हॉल्यूम’ दिसलं की समजा.

आणि क्रॅक?

क्रॅक चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करा म्हणतात, मग ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार द्या म्हणतात. ज्याला आपण ओळखत नाही त्याच्या हाती मशीनची सगळी दारं उघडून देणं झालं, आणि त्याच मशीनवर घरातल्यांचे बँकेचे पासवर्ड असतात. एका लायसन्सचे पैसे वाचवायला हे धाडस करू नका.

घरगुती लायसन्सवर घरून धंद्याचं काम केलं तर?

इथे मशीनची संख्या बरोबर असूनही अट मोडू शकते. ‘वैयक्तिक वापरासाठी मोफत’ म्हणजे पैसे मिळवण्याच्या कामाला नाही. टीमव्ह्यूअर हे रिमोटने जोडणारं सॉफ्टवेअर घरगुती वापराला मोफत आहे, पण वापर व्यावसायिक वाटला की जोडणी तोडायला लागतं. व्हर्च्युअल मशीन बनवणारं व्हर्च्युअलबॉक्स मुक्त आहे, म्हणजे कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येतं, पण त्याच्या एक्स्टेन्शन पॅकचं (जादा सोयींच्या संचाचं) मोफत लायसन्स वैयक्तिक किंवा शिक्षणाच्या वापरापुरतंच आहे. त्याच कामाचं व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो मे २०२४ मध्ये वैयक्तिक वापरासाठी मोफत झालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सगळ्यांसाठीच.

याच्या उलट, नोकरीच्या ठिकाणी किंवा कॉलेजने दिलेलं लायसन्स घरी लावलं असेल तर ते त्या संस्थेचं आहे. तिथून बाहेर पडलात की जातं, आणि त्यासोबतच्या क्लाउडवरच्या फायलीही जातात. शेवटच्या दिवसाची वाट न बघता त्या काढून घ्या.

मुक्त सॉफ्टवेअरला मर्यादा नसते हे खरं का?

खरं आहे. लिब्रेऑफिस, गिंप, इंकस्केप, ब्लेंडर, व्हीएलसी, सेव्हन-झिप ही घरातल्या सगळ्या मशीनवर टाका, शेजाऱ्याला द्या, त्यावर धंदा करा. किती मशीन, किती माणसं, हे कुणी मोजत नाही. ॲक्टिव्हेशन नाही, म्हणून डीॲक्टिव्हेशनही नाही. मुलांच्या लॅपटॉपसाठी आधी हे बघावं आणि जिथे खरंच अडतं तिथेच विकतचं घ्यावं, असं मी आवर्जून सांगते. घरात चार मशीन असतील तर विकतच्या जागा दोनच लागतात, असं बरेचदा निघतं. फक्त ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ एक समजू नका. मोफत सॉफ्टवेअरला वर सांगितलेल्या अटी असू शकतात.

कंपनीचा ॲक्टिव्हेशन सर्व्हरच बंद झाला तर?

तर कायमचं लायसन्सही अडकू शकतं. अडोबीने सीएस२ चे (फोटोशॉप वगैरेंच्या जुन्या संचाचे) ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले तेव्हा जानेवारी २०१३ मध्ये ग्राहकांसाठी ॲक्टिव्हेशन न लागणारी आवृत्ती आणि सीरियल नंबर उपलब्ध करून दिले. कंपनीने असं करायलाच हवं, पण प्रत्येक कंपनी करतेच असं नाही. जुनं सॉफ्टवेअर ज्यावर नीट चालतं आहे असं मशीन असेल, तर त्याला फॉरमॅट मारण्याआधी सर्व्हर अजून चालू आहे का ते तपासा. पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून ठेवलीत तर आणखी चांगलं. त्याच मशीनवर ती परत चढवली की ॲक्टिव्हेशन बहुधा शाबूत राहतं.

कंपनीच्या मदत विभागाला लिहायचं झालं तर काय लिहू?

थोडक्यात आणि पुराव्यानिशी. खरेदीचा ईमेल किंवा पावती जोडा. कुठल्या ईमेल पत्त्याने घेतलं ते लिहा, प्रॉडक्ट की पूर्ण न देता आधी शेवटची पाच अक्षरं द्या. मग काय झालं ते एका वाक्यात: ‘अमुक तारखेला मशीनचा मदरबोर्ड जळाला, त्यावरचं ॲक्टिव्हेशन काढता आलं नाही, कृपया ती जागा मोकळी करून द्या.’ मशीनवर आलेल्या त्रुटीच्या संदेशाचा स्क्रीनशॉट लावा. ‘तुमचं सॉफ्टवेअर चालत नाही’ एवढंच लिहिलंत तर पुन्हा इन्स्टॉल करून बघा असं साचेबंद उत्तर येतं आणि दोन दिवस वाया जातात. नेमकं ‘ॲक्टिव्हेशन रीसेट करा’ असं मागा. त्यांच्याकडे ते बटण असतं. पहिल्या वेळी सहसा कुणी नाही म्हणत नाही. वारंवार मागितलं तर कारण विचारतील, म्हणून आधीच्या पत्रव्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा.